पोर्झिंगिससाठी डॅलसने मोजलेली किंमत : चूक सौद्यात की करारात?

रीबाउंड :
३१ जानेवारी २०१९ रोजी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या न्यू यॉर्क निक्स संघाने क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला डॅलस मॅव्हरिक्सकडे धाडले, तेव्हा हा सात फूट तीन इंच उंचीचा लॅटव्हियन खेळाडू तेवीस वर्षांचा होता आणि जवळजवळ वर्षभर कोर्टवर उतरलेला नव्हता. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यानिस अँटेटोकुम्पोच्या अंगावरून डंक मारून (उडी घेऊन चेंडू थेट कड्यात कोंबून) तो खाली आला आणि डावा गुडघा धरून तिथेच पडला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातले अस्थिबंध, फाटले होते. त्या मोसमात तोवर तो सामन्यागणिक २२.७ गुण करत होता.

डॅलसने त्याच्या बदल्यात डेनिस स्मिथ ज्युनियर, त्याच उन्हाळ्यात करार संपणारे डीआंद्रे जॉर्डन आणि वेस्ली मॅथ्यूज, आणि २०२१ व २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, दिले. हा सौदा फसला असे सर्रास म्हटले जाते. माझे मत असे, की सौदा रास्त होता. फसला तो त्यानंतर जुलैमध्ये केलेला पाच वर्षांचा, १५.८ कोटी डॉलरचा करार. पोर्झिंगिस तेव्हा रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे दुसरा कोणताही संघ त्याला जास्तीत जास्त चार वर्षांचा देकार देऊ शकत होता आणि डॅलसला त्याची बरोबरी करून त्याला राखता आले असते. पाचवे वर्ष डॅलसने आपणहून पदरात घातले.

खडूस पंच :
आपला मुद्दा कागदावर बरोबर आहे, पण व्यवहारात तो टिकत नाही. रिस्ट्रिक्टेड खेळाडूपुढे आणखी एक वाट असते : आपल्याच संघाची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर घ्यायची आणि पुढच्या उन्हाळ्यात मोकळे व्हायचे. घासाघीस करून डॅलसने त्याला दुखावले असते आणि त्याने ती वाट धरली असती, तर दोन पिक पाण्यात गेले असते. एवढी किंमत मोजून आणलेल्या खेळाडूशी ताठर बोलणी करण्याची सोय उरतच नाही, म्हणून सौदा आणि करार वेगळे काढता येत नाहीत. ज्या दिवशी सौद्यावर सही झाली, त्याच दिवशी तो महाग करारही ठरून गेला होता.

शिवाय, संघाचा मुख्य तारा ठरलेला लुका डॉन्चिच मिळवताना डॅलसने २०१९ चा पिक अटलांटाला आधीच देऊ केला होता. लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत, म्हणून २०२१ आणि २०२३ निवडले गेले. एक वर्ष आड करून घर रिकामे करण्याचाच हा प्रकार झाला.

हापूसवाला, रत्नागिरी :
आमच्याकडे मोहोर पाहून आंब्याची बाग घेणारे व्यापारी असतात. अवकाळी पाऊस आला की घेणारा बुडतो. पण पीक उतरल्यावर भाव ठरवायचा म्हटले, तर तो त्याच्या आवाक्यात राहत नाही. निरोगी पोर्झिंगिस डॅलसला कधी मिळालाच नसता.

आणि ते दोन पिक शेवटी कितव्या क्रमांकाचे निघाले, तेही पाहावे : २०२१ चा एकविसावा, आणि पहिल्या दहांतला क्रमांक आल्यास पिक डॅलसकडेच राहील या अटीमुळे २०२३ ऐवजी २०२४ मध्ये गेलेला चोविसावा. उलट, निक्सला नकोसा झालेला आणि याच सौद्यात आलेला टिम हार्डवे ज्युनियर पुढे पाच वर्षे डॅलससाठी उपयोगी पडला. सगळ्यांनी पोर्झिंगिसच्या गुडघ्याकडे पाहिले, माझ्या मते खरे नुकसान भूमिकेत झाले. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) क्लिपर्स संघाविरुद्ध डॉन्चिच चेंडू खेळवत असे आणि पोर्झिंगिस कोपऱ्यात उभा असे. सात सामन्यांत सरासरी १३.१ गुण. पुढे वॉशिंग्टनमध्ये हाती चेंडू दिला गेला, तेव्हा २०२२-२३ मध्ये त्याने २३.२ ची सरासरी गाठली.

रीबाउंड :
भूमिकेचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता. मात्र गुडघा इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. २०२० च्या प्लेऑफमध्ये उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चा) फाटून तो तीन सामन्यांनंतर बाहेर गेला, म्हणजे ज्या गुडघ्याची कोणाला धास्ती नव्हती, तो गेला. तीन मोसमांत डॅलसला त्याचे १३४ सामने मिळाले. पंचांना एवढेच विचारतो, की फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला देऊन आलेल्या स्पेन्सर डिनविडीने फिनिक्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात ३० गुण केले आणि पुढे त्याच डिनविडीला इतरांसोबत देऊन कायरी आयर्विंगसारखा तारा आला, हे ते कोणत्या खात्यात मांडणार?

खडूस पंच :
ते खाते डागडुजीचे आहे. बुडत्या करारातून डॅलसचे तेव्हाचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी वाट काढली, म्हणून आधीच्या व्यवस्थापनाचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. आपण कायरीपर्यंत आलातच, तर आणखी एक पाऊल पुढे या. ६ जून २०२४, बॉस्टन, अंतिम मालिकेचा पहिला सामना. पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभराहून अधिक काळ बाहेर असलेला पोर्झिंगिस बाकावरून उठतो आणि डॅलसविरुद्ध २० गुण करतो. बॉस्टनने हा खेळाडू ठेच लागल्यानंतरच्या भावात घेतला होता.

हापूसवाला, रत्नागिरी :
त्या भावात बॉस्टनचा लाडका मार्कस स्मार्ट गेला, हे विसरू नका. बॉस्टनच्या चाहत्यांना तो स्वस्त वाटला नव्हता. आणि दुसऱ्याच सामन्यात पायाला इजा होऊन पोर्झिंगिस पुढचे दोन सामने बाहेर बसला. बॉस्टनला ते परवडले, कारण तिथे त्याच्यावाचून अडत नव्हते. डॅलसने त्याला घेतले तेच मुळी दुसरा खांब म्हणून.