ससा नि गिनी पिग एकत्र ठेवायचे का? माझं मत: अजिबात नाही

पडवीवाला:
सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात हल्ली पोरांना वाढदिवसाला ससा द्यायचं फॅड आलंय आणि दुकानवाला वरून सांगतो की एकटा ससा कंटाळतो, सोबतीला एक गिनी पिग (बिनशेपटीचा छोटा केसाळ प्राणी) घ्या, दोघांचं खाणं एकच नि पिंजरा पण एकच. शेजाऱ्यांनी असाच जोड आणला आणि त्यांच्या पडवीत रोज जे चालतं ते बघून हे लिहितोय. ससा वयात आला तसा गिनी पिगच्या मागेच लागला, अंगावर चढतो, पाठीवरचे केस उपटतो, ते बिचारं उपड्या मडक्यामागे जाऊन बसतं आणि ससा पेंगला की हळूच येऊन दोन काड्या खातं. घरचे म्हणतात बघा कसे चिकटून बसतात, किती माया. अहो माया कसली, पिंजऱ्यात जागाच तेवढी आहे!

दोघं केसाळ, दोघं गवत खातात, एवढ्यावर सोयरीक जुळत नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, गिनी पिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधलं. ससा तोंडाने जवळपास बोलतच नाही, त्याचं सगळं कानावर, अंगावर आणि मागचे पाय आपटण्यावर. गिनी पिग दिवसभर कुईकुई करतं. ते घाबरून ओरडलं तरी सशाला पत्ता नाही आणि ससा चिडलाय हे त्याला लाथ बसल्यावरच कळणार. पांढरा न्यूझीलंड जातीचा ससा ४-५ किलोचा होतो, गिनी पिग किलोभर. लाथ कुठे बसली तर काय होईल बघा.

मालवणी_बांगडो:
कित्याक लोकांका भियवतास? माझ्याकडे दोनय एकत्रच आसत, काय्येक होवक नाय. खळ्यात मोकळे सोडतंय, सांजेक आपणच आत येतत. तुमच्या शेजाऱ्यान पिंजरो बारीक घेतल्यान आसतलो, ती चूक पिंजऱ्याची, सशाची न्हय. आमच्याकडे कोंबडी नि बदकां एकाच खुराड्यात वाढली, कोण मराक नाय.

पडवीवाला:
खळ्यात मोकळे? मुंगूस, मांजर, धामण यांना आमंत्रण देताय की काय. पण तो विषय वेगळा. जागा मोठी असली की भांडण कमी दिसतं हे मान्य, कारण पळायला वाव असतो. पण रात्री तर एकाच खुराड्यात ना?

गोठा_ते_दवाखाना:
मी पशुवैद्यकीय शिकत्ये, सुट्टीला गुहागरला आल्ये म्हणून मध्ये बोलते. लाथ दिसते तरी, पण खरा घोळ न दिसणारा आहे. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा एक जिवाणू सशाच्या नाकात-घशात असतो आणि बऱ्याचदा सशाला त्याचं काहीच होत नाही, अगदी ठणठणीत असतो. तोच गिनी पिगच्या फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया. डोळ्याच्या कडेला चिकट पापुद्रा, नाक ओलं, आणि श्वास घेताना दोन्ही कुशी आत खेचल्या जातात, हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो कारण हे प्राणी आजार लपवण्यात पटाईत, शिकार होणाऱ्या जनावराची जातच तशी. मग घरचे काय करतात तर कुत्र्याचं उरलेलं औषध पाजतात. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर गिनी पिग आणि ससा दोघांच्याही आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि जनावर आजाराऐवजी औषधानेच जातं. हे कृपया कोणी करू नका.

सुपारीबाग:
मॅडम, हाच जिवाणू कुत्र्यात पण असतो ना? आमच्या कुत्र्याला खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलेलं. मग काय कुत्रा पण विकायचा का? नेटवर वाचून प्रत्येक गोष्टीला घाबरायचं म्हटलं तर घरात माणूस पण ठेवता यायचा नाही. आमच्या दापोलीत माझ्या मावसभावाकडे कित्येक वर्षं दोघं एकत्र होते आणि गिनी पिग म्हातारं होऊनच गेलं.

गोठा_ते_दवाखाना:
बरोबर आहे, कुत्र्या-मांजरातही असतो. म्हणून कुत्र्याला पिंजऱ्याशी नाक लावू देऊ नये असंच आम्ही सांगतो. पण कुत्रा त्यांच्या गवतात झोपत नाही, त्यांच्या वाटीतलं पाणी पीत नाही. ससा चोवीस तास तिथेच शिंकणार. प्रत्येक गिनी पिग मरतंच असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या मावसभावाचं वाचलं, छान झालं, पण वाचलेल्याचीच गोष्ट सांगितली जाते. मेलेलं परसात पुरतात आणि थंडी बाधली म्हणून सोडून देतात.

हापूस_हंगामी:
खाण्याचं कोणीच काही बोलत नाहीये, मला तर तोच मोठा मुद्दा वाटतो. "एकच खातात" हे दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे. वाळलं गवत दोघांनाही भरपूर लागतं, दोघांचे दात जन्मभर वाढत राहतात, इथवर ठीक. पण गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्यासारखंच. सशाचं तयार होतं. त्यामुळे सशासाठीच्या गोळीखाद्यात ते घालत नाहीत आणि आपल्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक सशाचंच खाद्य. गिनी पिगला रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. नाही मिळालं की सांधे सुजतात, चालायला नको म्हणतं, केस राठ होतात, आणि लोक म्हणतात शांत झालंय हल्ली. शांत नाही हो, दुखतंय त्याला. आम्ही ढोबळी मिरचीच्या फोडी, कोथिंबीर आणि थोडा शेवग्याचा पाला देतो. आता हे एकत्र पिंजऱ्यात टाकून बघा, मिरची कोण खाणार? मोठा असतो तो.

सुपारीबाग:
दोन वाट्या लांब लांब ठेवा ना मग. किती सोपं आहे.

हापूस_हंगामी:
ठेवून बघा. ससा दोन्ही वाट्या पुसून घेतो.

कातळावरचा:
आमच्या देवगडच्या सड्यावर ससे भरपूर, तो पकडून आणला तर गावठी असल्यामुळे काटक असेल, रोगबिग नसेल? सहज विचारतोय.

गोठा_ते_दवाखाना:
अजिबात नको. तो रानससा, पाळीव सशापेक्षा वेगळा प्राणी, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडता-पाळता येत नाही.

चिऱ्याचं_घर:
सगळं पटलं पण मग एकटं ठेवायचं का? ते पण क्रूरच आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून नियमच आहे की गिनी पिग एकटं ठेवायचं नाही. दुकानदार चुकीचं सांगत असेल पण सोबत लागते हे तर खरंच आहे ना. आणि सशाला ससा आणायचा म्हटला तर नर-मादी आणा की महिन्याभरात पिल्लं, दोन नर आणा की मारामारी. नसबंदी करा म्हणणाऱ्यांनी आमच्या तालुक्यात सशाची नसबंदी करणारा डॉक्टर शोधून दाखवावा, गाई-म्हशीचे डॉक्टर मिळतात तेच नशीब. कोल्हापूर नाहीतर गोवा गाठा. म्हणून लोक गिनी पिगचा पर्याय काढतात, कारण त्या दोघांना पिल्लं तरी होत नाहीत. ही अडचण समजून न घेता नुसतं "अजिबात नाही" म्हणणं सोपं आहे.

पडवीवाला:
हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात खरा आहे. पण अडचण आपली आणि सोसायचं गिनी पिगने, हे काय? दोन गिनी पिग माद्या आणा, त्या सहसा नीट राहतात, नसबंदी लागत नाही. सशाच्या पण दोन बहिणी लहानपणापासून एकत्र असल्या तर बऱ्याचदा जमतं. फक्त मादीच आहे का ते दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका, कोणाकडून तरी तपासून घ्या, आणि दुकानातून आणलेली गिनी पिगची मादी आधीच गाभण असू शकते. दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस लागतात, आणि पिल्लं निघतात ती केसांसकट, डोळे उघडे. सकाळी झाकण उचलावं तर दोनाची पाच.

मालवणी_बांगडो:
ता सगळा ऱ्हवांदे. माझे आता इतके दिस एकत्र ऱ्हवले, त्यांका तोडूचा? गिनी पिग सशाक चिकटान निजता. उद्या वेगळा केलंय नि जेवचाच बंद झाला तर कोण जबाबदार?

गोठा_ते_दवाखाना:
तुमचं वेगळं आहे काका. आधीपासून एकत्र असतील आणि गिनी पिग नीट खातंय, लपून बसत नाहीये, तर एका झटक्यात तोडू नका. ब्रिटनची आरएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था पण नवीन जोड लावू नका म्हणते, पण आधीच एकत्र असलेल्यांसाठी एक सोय सांगते: गिनी पिगला अशी लपायची जागा द्या जिथे ससा शिरूच शकणार नाही. लाकडी खोका चालेल, दार गिनी पिगपुरतंच. क जीवनसत्त्वाची भाजी त्या खोक्यात ठेवा म्हणजे वाटीचं भांडणही मिटेल. पावसात खालचं गवत रोज बदला, ओल राहिली की बुरशी, गिनी पिगला गजकर्ण पटकन होतं. आणि आठवड्यातून एकदा वजन करा, वजन घटणं हेच बऱ्याचदा आजाराचं पहिलं लक्षण असतं.

सुपारीबाग:
म्हणजे शेवटी चालतं एकत्र. मी तेच म्हणत होतो.

पडवीवाला:
नाही हो. असलेलं सांभाळा, नवीन करू नका, असं म्हणाल्या त्या.

मालवणी_बांगडो:
खोको करतंय. वेगळे मात्र करूचंय नाय. वजनाक घरात काटो आसा तो माशांचो, चलात मां?

गोठा_ते_दवाखाना:
चालेल. आधी धुवून घ्या.