मदत हवी आहे: आयर्न ८८३ ला फॉरवर्ड कंट्रोल बसवले, पण तिसरा गिअर नीट पडत नाही

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांपूर्वी हार्ले-डेव्हिडसन आयर्न ८८३ घेतली. २०१२ चं मॉडेल, सेकंडहँड. कॉलेजात असल्यापासून हीच गाडी मनात होती, त्यामुळे गाडीबद्दल तक्रार काहीच नाही. माझी उंची मात्र सहा फूट एक इंच आहे आणि आयर्नचे मूळ फूटपेग (पाय ठेवायच्या खुंट्या) मधोमध असतात. पुण्याहून गावी वाईला जाईपर्यंत गुडघे आखडून जायचे, उजवा गुडघा तर सारखा एअर फिल्टरपाशी. हार्लेच्याच फॉर्टी-एटला कंपनीतूनच पाय पुढे असतात, ते एका मित्राच्या गाडीवर बसून पाहिलं होतं. म्हणून बाहेरचा एक फॉरवर्ड कंट्रोल किट, म्हणजे पेग, गिअर आणि ब्रेकचं पेडल पुढे नेणारा संच, मागवला आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवून घेतला.

बसायला आता फार छान वाटतं. पण तीन गोष्टी खटकताहेत.

एक, न्यूट्रलमधून पहिला सहज पडतो, खाली येतानाही काही अडत नाही. वर जाताना मात्र पाय खूप उचलावा लागतो. दुसऱ्यातून तिसरा टाकताना पाच वेळांत एकदा तरी मधेच अडकतो, इंजिन नुसतं ओरडतं. परवा खंबाटकीच्या चढाला मागे ट्रक असताना हे झालं आणि मी खरंच घाबरलो.

दोन, गिअरच्या पेडलला खेळ आलाय. बसवल्यावर आठवडाभर नव्हता.

तीन, मागचा ब्रेक. पेडल मला खाली वाटत होतं म्हणून गॅरेजमध्ये सांगून वर घेतलं. आता वाईला पोचल्यावर मागच्या चाकाजवळ जळका वास येतो.

बूट अकरा नंबरचा आहे. तो गिअरच्या खुंटीखाली मावत नव्हता, म्हणून गॅरेजवाल्यानं गिअरचं पेडल आणि इंजिन जोडणारा मधला रॉड फिरवून आखूड केला आणि खुंटी वर घेतली. गिअरच्या बाजूला एवढाच बदल केलाय. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

लेथवाला (कोल्हापूर)

सुरुवात तिसऱ्या तक्रारीपासून, म्हणजे ब्रेकपासून कर. आणि तोपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस बाळा.

ब्रेक पेडलला जरासा मोकळा खेळ असलाच पाहिजे. पाय काढल्यावर मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलतो तो) पिस्टन पूर्ण मागे यायला हवा. तो मागे आला तरच आतलं बारीक भोक उघडतं आणि तापलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाट मिळते. तुमच्या गॅरेजवाल्यानं पेडल वर घेण्यासाठी ब्रेकच्या रॉडची लांबी बदलली, त्यात तो खेळ संपला असणार. पिस्टन थोडा दाबलेलाच राहतो. गाडी चालली की ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही, मग पॅड डिस्कला आणखी घट्ट धरतात, आणखी तापतं. चढाच्या रस्त्यावर असंच मागचं चाक जाम होऊ शकतं.

तपासायचं असं: मागचं चाक उचलून हातानं फिरव. मोकळं फिरलं पाहिजे. मग ब्रेक दोन-तीनदा दाब, सोड, परत फिरव. त्यानंतर गल्लीतल्या गल्लीत, मागचा ब्रेक न वापरता, थोडं फिरवून आण आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाक. चरचरले तर अजून धरतोय. डिस्कला बोट लावू नकोस.

पेडलची उंची जमवायची ती पेडलच्या थांब्यावर, म्हणजे स्टॉपरवर. रॉड नंतर त्याला जुळवायचा. तुझ्या किटला स्टॉपरचा बोल्ट आहे का, फोटो टाक. गिअरच्या बाजूचाही टाक, डावीकडून, कॅमेरा अगदी सरळ धरून.

धागाकर्ता

काका, चाक उचलून पाहिलं. अर्ध्या फेऱ्यातच थांबतं. तुमचं बरोबर आहे. स्टॉपरचा बोल्ट आहे, त्याला कुणी हातही लावलेला दिसत नाही. फोटो टाकलेत.

परदेशी पुणेकर (न्यू जर्सी)

माझ्याकडे हीच गाडी होती, हेच काम घरच्या गॅरेजमध्ये केलं होतं. तुमच्या फोटोत एक गोष्ट लगेच दिसली. गिअर रॉडच्या मागच्या टोकाचा चेकनट (रॉड फिरू नये म्हणून आवळलेला नट) पिवळसर आहे, बाकीचे सगळे क्रोम. तो बदललेला आहे का?

विचारायचं कारण, ह्या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असतात आणि तिच्यासाठी बनलेल्या किटमध्येही बहुधा तेच. माझ्या किटमधल्या रॉडचे आटे ५/१६ इंच मापाचे, इंचाला २४ होते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आपल्याकडचा ८ मिमीचा साधा नट त्याच्यावर एक-दोन आटे चढतो आणि वाटतं बसला. पण त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी आणि ह्याचं १.०६ च्या आसपास. जोर लावून फिरवला की दोन्हीकडचे आटे खराब. तो नट कधीच धरून राहत नाही. तुमचा आठवड्याभरात आलेला खेळ बहुतेक तिथलाच.

पान्यांचंही तसंच. ९/१६ च्या बोल्टला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा सैल होतो. १५ नं घट्ट करायला गेलं की कोपरे गोल. इंची पान्यांचा एक लहान सेट घ्याच, आयुष्यभर लागेल.

लेथवाला (कोल्हापूर)

फोटो पाहिले. नटाचं वर सांगितलंय ते अगदी खरं. आता गिअर का पडत नाही ते नीट समजून घे, म्हणजे पुढं कुणी चुकीचं जुळवलं तर तुला बघताक्षणी कळेल.

डावीकडून बघ. पुढं तुझं पेडल, त्याचा एक छोटा आर्म वर उभा आहे. मागं इंजिनातून गिअरचा शाफ्ट बाहेर आलाय, त्याच्यावरही एक आर्म वर उभा. दोघांना जोडणारा रॉड. पाय वर उचललास की पुढचा आर्म मागं झुकतो, रॉडला मागं ढकलतो, रॉड शाफ्ट फिरवतो. दोन्ही आर्म सारख्या लांबीचे आणि एकमेकांना समांतर असले तर पाय जितका फिरेल तितकाच शाफ्ट फिरतो. साधी चौकट आहे.

तुझ्या गाडीवर रॉड आखूड केला. शाफ्टला आतल्या बाजूला स्प्रिंग असते, ती त्याला आपल्या जागी परत आणते, त्यामुळे मागचा आर्म हलला नाही, तो सरळ उभाच राहिला. पुढचा तेवढा मागं कलला. आता घड्याळाचा काटा डोळ्यापुढं आण. १२ वरून १ कडे जाताना काटा आडवा भरपूर सरकतो. २ वरून ३ कडे जाताना बहुतेक खालीच उतरतो, आडवा फारसा सरकत नाही. तुझा पुढचा आर्म फोटोत दीडच्या आसपास आहे. पाय वर उचलला की तो ३ कडे जातो, म्हणजे पाय फिरतो पण रॉड पुरेसा मागं जात नाही. गिअर अर्धवट पडतो. खाली दाबताना तोच आर्म १२ कडे येतो, तिथं भरपूर सरकतो, म्हणून खालचे गिअर झकास पडतात. त्यात चेकनट सैल, उरलीसुरली हालचाल त्या खेळात गेली.

उपाय: रॉड मूळ लांबीवर आण. मग शाफ्टवरचा आर्म काढून, शाफ्टवर कोरलेल्या बारीक दातांपैकी एक दात मागं सरकवून बसव. दोन्ही आर्म सारखेच कलतील, समांतर राहतील, आणि तुझी खुंटीही वर येईल. एका दातानं जमलं नाही तर दुसरा सरकवण्याआधी मला विचार, कारण आर्म फार कलले की रॉड ढकलायला जोर जास्त लागतो. रॉड आणि आर्म ह्यांच्यात काटकोनाच्या जितकं जवळ राहता येईल तितकं चांगलं.

आर्म काढताना त्याचा बोल्ट नुसता सैल करून उपटू नकोस, पूर्ण बाहेर काढ. तो शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो. काढायच्या आधी शाफ्टवर आणि आर्मवर व्हाइटनरनं एक रेघ मार, म्हणजे किती दात सरकला ते कळतं. बसवताना आर्म पूर्ण आत गेला पाहिजे. आट्यांना निळं लॉक्टाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लाव, लाल नको. हा बोल्ट सैल राहिला तर आर्म शाफ्टवरचे दात खातो. मग शाफ्ट बदलायला डावीकडचं प्रायमरी कव्हर उघडावं लागतं, ऑइल सगळं काढावं लागतं. एका बोल्टपायी हजारोंचं काम.

एक अ‍ॅव्हेंजरवाला

धागा वाचतोय म्हणून इथंच विचारतो. माझ्या अ‍ॅव्हेंजर २२० ला एका ठिकाणी पट्ट्या जोडून पेग आणखी पुढे करून घेतले. आता पहिला वर आणि बाकीचे खाली पडतात! गिअरबॉक्सला काही होईल का?

लेथवाला (कोल्हापूर)

गिअरबॉक्सला काही होत नाही, तुला होईल. घाईच्या वेळी पाय जुन्या सवयीनं चालतो. तुझा एक आर्म वर आणि दुसरा खाली लावलाय. दोन्ही एकाच बाजूला घे, क्रम सरळ होईल. आणि त्या पट्ट्या नुसते ठिकठिकाणी टाके मारून वेल्ड केल्यात की पूर्ण, तेही बघून घे. फूटपेगवर अंगाचा भार येतो.

नाशिकची रायडर

दादा, गिअर-ब्रेक जमेलच, पण बसण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या गाडीला पाय कंपनीतूनच पुढे आहेत, सात वर्षं चालवतेय.

पाय पुढे गेले की खड्ड्यावर किंवा स्पीडब्रेकरवर पेगवर उभं राहता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला. आयर्नचं मागचं सस्पेन्शन मुळात तोकडं आहे. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं पाठीला सवय होईल, झाली नाही. बरं वाटलं ते सीट बदलून, मागून कमरेला टेकू देणारी. दुसरं, पाय पुढे गेले की अंग मागे झुकतं आणि हात ताणले जातात. हँडल थोडं जवळ घ्यावं लागू शकतं. घेतलंत तर ते पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा, क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप कुठे ताणला जात नाही ना.

पेडलची जागा ठरवताना गाडी स्टँडवर कललेली नको. कुणाला तरी सरळ धरायला सांगा आणि रोजचेच बूट घालून बसा. टाच पेगवर, गुडघा किंचित वाकलेला. डावा पाय न वळवता खुंटीखाली गेला पाहिजे. उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर नुसता विसावलेला असता कामा नये, नाहीतर तुम्हाला नकळत ब्रेक धरून चालवाल आणि मागचा दिवाही जळत राहील. माझी हीच चूक होती. मागून येणारी मैत्रीण म्हणाली तेव्हा कळलं.

आणि साइड स्टँड. बसल्या जागेवरून डाव्या पायानं तो काढून पाहिलात का? पुढे आलेला पेग मधे येतो कधीकधी.

परदेशी पुणेकर (न्यू जर्सी)

ताईंचा ब्रेकच्या दिव्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यात एक भर, काम करताना ब्रेकचं ऑइल टाकायची वेळ आलीच तर त्याच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाका. डॉट ४ आणि डॉट ५ हे ब्रेक ऑइलचे प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत, डॉट ५ सिलिकोनचं असतं.

भारतातल्या कायद्याचं मला इथून नीट सांगता येणार नाही, कुणी जाणकार?

नाशिकची रायडर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. पेगची जागा बदलली तर त्यात बसतं का, हे आरटीओत जाऊन विचारलेलं बरं. विमा कंपनीला मात्र लेखी कळवाच, ई-मेलची प्रत ठेवा. अपघात झाल्यावर हा वाद नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार पूर्ण गाडीत गेला, सविस्तर लिहितो.

आधी ब्रेक. रॉड सैल केला, चाक लगेच मोकळं झालं. मग स्टॉपरनं पेडलची उंची धरली आणि त्यानंतर रॉड जुळवला. पेडल आता बोटानं हलवलं की किंचित हलतं आणि मगच ब्रेक धरायला लागतो. पॅड काढून पाहिले, एका बाजूला काच झाल्यासारखे चकचकीत झाले होते, ते बदलले.

तो चेकनट खरंच ८ मिमीचा निघाला. आटे थोडे खराब झाले होते पण रॉड वाचला. पुण्यात इंची नट शोधायला तीन दुकानं फिरलो, तिसऱ्यानं माझ्यासमोर गेज लावून दाखवला आणि चार जास्तीचे दिले. घरी पुढच्या टोकाचा नट कितीही जोर लावला तरी सुटेना. मग लक्षात आलं, त्याला उलटे आटे आहेत, रॉड नुसता फिरवून लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून. जोर लावत बसलो असतो तर तोही गेला असता. हे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

शाफ्टवरचा आर्म एक दात मागे सरकवला. दोन्ही आर्मच्या भोकांमधली अंतरं मोजली, दोन्ही ४० मिमी. रॉड मूळ लांबीवर आणल्यावर दोन्ही डोळ्यांना समांतर दिसतात. खुंटी आणि बूट ह्यांच्यात एक बोट जागा राहते.

काल सकाळी वाईला जाऊन आलो. खंबाटकीला मुद्दाम दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत चढलो. एकदाही अडकला नाही. घरी आल्यावर डिस्कवर पाणी टाकलं, चरचरलं नाही. आईनं विचारलं हे काय करतोस, तिलाही सगळं समजावून सांगितलं.

साइड स्टँडला पेग खरंच आडवा येतो ताई. सध्या उतरून हातानं काढतोय. किटवाल्याकडे स्टँडच्या खुंटीची लांब आवृत्ती आहे म्हणतात, ती मागवलीय. सीटसाठी पैसे साठवतोय. मूळ मधले पेग, रॉड आणि सगळे बोल्ट पिशवीत नावं घालून ठेवलेत.

लेथवाला (कोल्हापूर)

छान केलंस. शंभर किलोमीटर झाले की एकदा सगळे बोल्ट हातानं तपास. चेकनटवर आणि रॉडवर मिळून मार्करची एक रेघ मारून ठेव. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय.

धागाकर्ता

आत्ताच मारून आलो काका.