'रक्तसाक्षी', 'हुतात्मा' की 'शहीद'?

प्रश्न : जपानात नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 कॅथलिक संतांचं स्मारक आहे. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून 5 फेब्रुवारी 1597 ला त्यांना तिथेच मारलं. त्यांतले एक, संत गोन्सालो गार्सिया, जन्माने वसईचे. यांच्याविषयी मराठीत लिहिताना कोणता शब्द घ्यावा? आणि स्मारकाला 'पुतळे' म्हणावं का?

वसईवाला : आमच्या चर्चमध्ये 'रक्तसाक्षी'. ग्रीक 'मार्तुस' म्हणजे साक्षीदार, त्यावरून हा घडवलेला. गंमत म्हणजे अरबी 'शहीद'ही साक्ष देण्याच्याच धातूतून आलाय. 'हुतात्मा'ची जात वेगळी, तो यज्ञातला. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं.

शब्दवेडी : व्युत्पत्तीने चूक नसेल, पण 'हुतात्मा' वाचलं की डोळ्यांपुढे हुतात्मा चौक आणि संयुक्त महाराष्ट्र येतो. माझं मत 'रक्तसाक्षी'ला. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही तो फोड करून सांगावा लागत नाही.

चित्रकार : मला त्यातलं 'रक्त'च खटकतं. यासुताके फुनाकोशी यांनी ब्राँझमध्ये केलेलं ते शिल्प 1962 चं, म्हणजे संतपद मिळाल्याच्या शताब्दीचं. त्यात रक्त नाही, भाले नाहीत, मुद्दाम क्रूसही दाखवलेले नाहीत. 26 जण एका ओळीत, बहुतेकांचे हात जोडलेले, पावलं खाली लोंबणारी, जमिनीला न टेकलेली. बारा वर्षांचा लुईस इबाराकीही त्याच ओळीत. सगळी साक्षच आहे. राहिला 'पुतळा'. तो चहूबाजूंनी फिरून बघायचा असतो. ही रांग भिंतीला धरून आहे, म्हणून 'उठावशिल्प' म्हणा. कोशातला 'उत्थितशिल्प' बरोबर आहे, पण बोलताना जीभ अडखळते.

वसईवाला : क्रुसाचा विषय निघालाच आहे तर, 'क्रुसावर खिळले' असं लिहू नका. खिळे नव्हतेच. दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधून भाल्यांनी भोसकलं. 'क्रुसावर चढवले' चालेल. 'वधस्तंभ' हा मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरातला. आम्ही कॅथलिक 'क्रूस'च म्हणतो.

प्रश्नकर्ता : आभार, 'रक्तसाक्षी' आणि 'उठावशिल्प' घेतो. जपानी लोक काय म्हणतात?

शब्दवेडी : त्या जागेच्या नावात 'जुनक्यो' आहे. 'क्यो' म्हणजे शिकवण, धर्म. 'जुन' म्हणजे कुणामागोमाग मरण पत्करणं. धनी गेल्यावर सामुराईने जीव द्यायचा त्याला 'जुन्शी' म्हणत, त्यातला हाच 'जुन'. तिथे साक्षही नाही आणि यज्ञही नाही.