योग शिकवायला सुरुवात कशी केलीत तुम्ही?

पारोळ्याची लेक:
बाळंतपणानंतर कंबर धरली होती म्हणून योगा सुरू केला, आता चार वर्षं झाली. गल्लीतल्या बायका म्हणतात ताई आम्हाला पण शिकव. पण कोणाची मान लचकली तर? जळगाव-धुळ्याकडे जे शिकवतात त्यांनी सांगा ना तुमचं कसं झालं.

रावेरकर:
ताई, मी केळीच्या बागेतला माणूस, घड उचलून उचलून पाठ गेली होती. जळगावला एक सर भेटले, त्यांनी सहा महिने नुसता श्वास आणि भुजंगासन करायला लावलं, तेव्हा राग यायचा पण आता त्याची किंमत कळते. मग आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली. तुम्ही पण द्या. आणि आधी प्रत्येकीला बीपी, मणक्याचा त्रास, पोटाचं ऑपरेशन विचारा, बीपीवालीला शीर्षासन नको म्हणजे नकोच.

अमळनेरहून:
स्वामी कुवलयानंद आधी आपल्या अमळनेरलाच शिकवायचे हो! मग १९२४ ला लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना एक्स-रे काढून अभ्यास केला त्यांनी. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी तर लहानपणी सारखे आजारी, आणि १९३७ ला पुण्यात शिकवायला आले तेव्हा फक्त १८ वर्षांचे. तुमची कंबर दुखली ना, मग दुसऱ्या बाईचं दुखणं तुम्हालाच लवकर कळेल.

पारोळ्याची लेक:
डोळ्यात पाणी आलं दादा. आधी परीक्षेचा फॉर्म भरते, तोवर बायकांना फक्त श्वास शिकवते.