सॅडलने चढताना आडव्या फांद्या कशा ओलांडाव्यात?

सॅडलमधून (कमरेला बांधून झाडाला लटकून बसायच्या झोळीवजा पट्ट्यातून) शिकार करण्यासाठी झाडावर चढताना मी लाइनमन दोर (सॅडलच्या दोन्ही बाजूंना अडकवलेला आधाराचा दोर) खोडाभोवती ठेवून एकेक स्टिक (पायऱ्या असलेली छोटी शिडी) बांधत वर जातो. मात्र मनगटाएवढी फांदी आडवी आली की तो दोर सोडण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी टेदर (सॅडलला खोडाशी जोडणारा मुख्य दोर) फांदीच्या वर खोडाला आवळून, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) नीट बंद झाल्याचे पाहून आणि त्यावर अंगाचा भार देऊन झाल्यावरच मी खालचा दोर सोडतो. लागोपाठ दोन-तीन फांद्या असल्या की मात्र टेदर खरबरीत सालीत अडकतो, आणि प्रुसिक गाठ (दोराची लांबी कमी-जास्त करणारी, भार येताच घट्ट बसणारी सरकती गाठ) एका हाताने सरकवण्याच्या खटपटीत दोर ढिला राहतो, जे मला मुळीच पसंत नाही. तेव्हा दुसरा लाइनमन दोर जवळ बाळगावा की टेदरवरच भागवावे, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.