क्लोरप्रोमाझिनने स्टॅफची मेम्ब्रेन खरंच फाटते का? पीआय पॉझिटिव्ह आलंय पण खात्री वाटत नाहीये

पेट्रीडिश_२४
नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय आहे अँटिबायोटिक नसलेल्या औषधांचा जिवाणूंवर होणारा परिणाम. क्लोरप्रोमाझिन, म्हणजे मानसिक आजारावरचं जुनं औषध, स्टॅफ ऑरियस या जिवाणूवर टाकलं आणि दोन तासांनी प्रोपिडियम आयोडाइड (पीआय, मेम्ब्रेन म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा फाटला तरच आत जाणारा लाल डाय) घालून बघितलं तर बऱ्याच पेशी लाल दिसल्या. मी लिहून टाकलं की मेम्ब्रेन डॅमेज झाली. गाइड म्हणाल्या की पेशी आधी मेली आणि मग मेम्ब्रेन गेली असंही असू शकतं ना, तू कसं ठरवलंस? उत्तर नव्हतं माझ्याकडे. आणि मुळात मनोरुग्णांचं औषध जिवाणूची मेम्ब्रेन कशाला फाडेल, तिथे डोपामिन रिसेप्टर, म्हणजे मेंदूत हे औषध जिथे चिकटतं तो, तर नसतोच.

लिपिडवेडा
गाइडचा प्रश्न एकदम बरोबर आहे बघ. आधी तुझं शेवटचं घेतो. रिसेप्टर लागतच नाही, रेणूचा आकारच पुरतो. क्लोरप्रोमाझिनच्या एका बाजूला तेलात रमणारी तीन कड्यांची रचना आणि दुसऱ्या टोकाला अमाइन, त्याच्यावर शरीराच्या पीएचला धन प्रभार. जिवाणूच्या मेम्ब्रेनमध्ये फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन हे लिपिड भरपूर, दोन्ही ऋण प्रभाराचे, म्हणून औषध तिकडे ओढलं जातं आणि कड्या लिपिडच्या शेपट्यांमध्ये घुसतात. आपल्या पेशींचा बाहेरचा थर बहुतेक न्यूट्रल असतो म्हणून तिथे ओढ कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही हं, डोस वाढवला की आपल्या रक्तातल्या लाल पेशीही फुटतात. त्यामुळे हिमोलिसिस, म्हणजे त्या किती फुटतात याची टेस्ट, नक्की कर, नाहीतर तू साबणच टेस्ट केलास असं कुणीही म्हणेल.

आता पीआय. तो डीएनएला चिकटतो आणि आत जायला बऱ्यापैकी मोठं भोक लागतं. त्याच्या कितीतरी आधी मेम्ब्रेनवरचं व्होल्टेज गेलेलं असू शकतं, आयन गळतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनणं थांबतं आणि पेशी मरते, तरी पीआय बाहेरच. म्हणून दोन तासांचा एकच पॉइंट घेऊ नकोस, पहिल्या मिनिटापासून रीडिंग घे आणि सोबत त्याच वेळांना प्लेटिंग करून सीएफयू, म्हणजे वसाहत करू शकणाऱ्या जिवंत पेशी, मोज. आधी लाल मग मरण, की आधी मरण मग लाल, तिथेच कळेल. व्होल्टेज मोजायला डिस्क-थ्री-फाइव्ह नावाचा डाय वापर. तुलनेसाठी कंट्रोलला निसिन ठेव, तो मेम्ब्रेनला भोकंच पाडतो, आणि उलट बाजूला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, कारण ते डीएनएच्या वाटेने मारतं. अजून एक, हे औषध प्रकाशाने बिघडतं, ट्यूबला फॉइल गुंडाळ, आणि डाय न घालता नुसत्या औषधाचा ब्लँकही लाव. माझे तीन आठवडे असेच गेले होते म्हणून सांगतोय.

डॉ_मेडिसिन
एक गोष्ट कळकळीने सांगते, प्रोजेक्टमध्ये ठळक लिही. स्टॅफला रोखायला लागणारं प्रमाण हे पेशंटच्या रक्तात औषध जेवढं असतं त्याच्या कित्येक पट जास्त आहे. म्हणून इन्फेक्शनला ही गोळी चालेल असं कुणी वाचून ठरवू नये. याच कुटुंबातलं थायोरिडाझिन टीबीसाठी अभ्यासलं गेलं, कारण ही औषधं मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत साठतात आणि टीबीचा जिवाणू तिथेच लपतो, कल्पना फार छान, पण ईसीजीवरचं हृदयाचं क्यूटी अंतर वाढवतं, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका, म्हणून 2005 मध्ये कंपनीने ते जगभर मागे घेतलं.

आतड्याची गोष्ट मात्र वेगळी, तिथे गोळीचं प्रमाण रक्तापेक्षा बरंच जास्त होऊ शकतं. हायडलबर्गच्या ईएमबीएल या संशोधन संस्थेने 2018 मध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या 40 जिवाणूंवर तपासली, आणि मानवी पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी 24 टक्क्यांनी निदान एका जिवाणूची वाढ रोखली, त्यात अँटीसायकोटिक्स, म्हणजे क्लोरप्रोमाझिनसारखी मानसिक आजारांवरची औषधं, उठून दिसली. ही सगळी मेम्ब्रेनमुळे असं नाही. आणि हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नका प्लीज.

पेट्रीडिश_२४
डॉक्टर, लिपिडवेडा दादा, खूप आभार. निसिन लॅबमध्ये आहे, सिप्रोही आहे, डाय मागवावा लागेल. ई. कोलायवर पण करायचं ठरलंय, तिथे बाहेरची मेम्ब्रेन आडवी येईल ना?

लिपिडवेडा
येईल, आणि जे आत जाईल ते टोलसी हा पेशीतला पंप बाहेर फेकेल. टोलसी नसलेला म्युटंट मिळाला तर शेजारी लाव, फरक किती पडतो ते बघ आणि इथे टाक, मला खरंच बघायचंय.