माय ब्लडी व्हॅलेंटाइन: ती डुलणारी गिटार वाजवायची कशी?

प्रश्न: माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस' (1991) अल्बममधली गिटार सतत वरखाली डुलते. 2008 ला बँड पुन्हा एकत्र आल्यावरच्या मैफिलींतही ती तशीच ऐकू येते. साध्या स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) कोरस पेडल लावून ते होत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद 1: कोरस आधी काढा. कोरस मूळ सुराला थोडा बेसूर जोडीदार देतो. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्सचा अख्खा कॉर्डच सरकतो, मींडेसारखा. तो त्याच्या जॅझमास्टर गिटारची ट्रेमोलो दांडी (सूर वरखाली करणारी) तळहातात धरूनच स्ट्रम करतो, म्हणजे तारा छेडतो. स्ट्रॅटचा पूल (ब्रिज, तारा टेकतात तो भाग) मागून साधारण 3 मिमी उचलून तरंगता ठेवा, म्हणजे सूर दोन्हीकडे जाईल. दांडी दाबू नका, हाताच्या झोक्याने आपोआप हलू द्या. दाबलीत की नुसती रडकी घसरगुंडी ऐकू येते.

मग रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा फुगत येणारा घुमारा. तो यामाहा एसपीएक्स 90 हे इफेक्ट यंत्र वापरायचा, पण रिव्हर्स असलेलं कुठलंही पेडल चालेल. मिक्स (इफेक्टचं प्रमाण) 100 टक्के हवाच. कोरडा, म्हणजे इफेक्टविना आवाज जरा जरी राहिला, तरी स्ट्रमचा टोला ऐकू येतो आणि सगळी जादू जाते. आवाज उशिरा फुगतो, म्हणून ठेक्याच्या किंचित आधी स्ट्रम करा. रिव्हर्ब ड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणारं पेडल) आधी जोडा, गिटारचा टोन नॉब उतरवा आणि गेन (त्या खरखरीचं प्रमाण) वाटतो त्याच्या निम्माच ठेवा. जास्त गेनवर कॉर्डमधले सूर एकमेकांशी भांडून चिखल होतो.

प्रतिसाद 2: मैफिलींच्या रेकॉर्डिंगवरून अल्बमचा आवाज शोधू नका. 'लव्हलेस'चे ड्रम्स बहुतांशी ड्रमर कोल्म ओ'किओसिगच्या वादनाचे तुकडे सॅम्पलरवर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) जोडून केलेत आणि बास बराचसा शील्ड्सनेच वाजवलाय. मंचावर कोल्म आणि बासवादक डेबी गूज प्रत्यक्ष वाजवतात, म्हणून तिथला ठेका कितीतरी दणकट लागतो. मला हा बँड मंचावरच पूर्ण वाटतो. 2013 च्या 'एम बी व्ही'मधलं बरंच काम 1996-97 चं आहे, त्यामुळे त्याला नुसता पुनर्मीलनाचा अल्बम म्हणणं अन्यायाचं होईल.

प्रतिसाद 3: तारा 11 च्या जाडीच्या घ्या. 9 च्या तारा या झोक्यात फार ढिल्या पडतात. गिटारचा सूर सारखा उतरत असेल तर तारा नटच्या (गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) खाचेत अडकतायत. तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. आणि सरावाला इअरप्लग घालाच. 'यू मेड मी रिअलाइज' या गाण्यातला एकाच कॉर्डचा गोंगाट हा बँड मैफिलीत कितीतरी मिनिटं ताणतो, त्यासाठी प्रेक्षकांनाही प्लग वाटले जातात.